आधीची गोष्ट

मामा गेल्यावर महिनाभराने मी आत्याला दिघाशीहून भिवंडीला माझ्या घरी घेऊन आले. मामा म्हणजे तिचे यजमान. शेतावर चालता चालता कोसळले, आणि संपलंच. भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं झालं गं?" असं विचारायचा आणि आत्या तीच दुपार पुन्हा सांगायची. सांगून सांगून तिनं बोलणंच सोडलं होतं. माझ्याकडेही ती खिडकीशी बसून रस्त्यावरचे टेम्पो बघत राहायची.

मी राहनाळच्या एका गोदामात नोकरी करते आणि कॉलेजपासून मला सुपरहिरोंच्या सिनेमांचं वेड आहे. एका सिनेमातला हिरो दुसऱ्यात पाहुणा, त्याचा शत्रू तिसऱ्यात कुणाचा तरी भाऊ. सगळ्यांचं जग एकच. एका रविवारी मी हिंदीत डब केलेला एक लावला. आत्या शेजारी मेथी निवडत होती. धरण फुटताना लोकांना वाचवत त्यातला उडणारा हिरो मेला. आत्या मेथी निवडत राहिली.

पुढच्या रविवारी दुसरा लावला, तर तोच हिरो हसत पडद्यावर आला. भाजी निवडता निवडता आत्याचा हात थांबला.

"ह्यो मेला व्हता ना?"

"हो. पण ही त्याच्या आधीची गोष्ट आहे आत्या. हे सिनेमे मागेपुढे येतात."

"म्हंजे हितं त्याला काय ठाव न्हाय?"

"काहीच नाही."

ती टीव्हीजवळ सरकून बसली. संपल्यावर म्हणाली, "ह्याच्याबी आधीचा हाय का?"

होते. आम्ही उलटे मागे जात राहिलो. आत्याला सगळी नाती पाठ झाली. मी चुकले की ती सांगायची, "ती त्या आगवाल्याची भाची, रुसून गेलेली."

शेवटी सगळ्यात पहिला सिनेमा आला. त्यात त्या हिरोला उडताच येत नव्हतं. गच्चीवरून उडी मारायचा आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकायचा. आत्या खुदकन हसली.

"असाच व्हता."

"कोण?"

"तुजा मामा. दुसऱ्याच्या हळदीला निगालेला, चुकून माज्या थोरल्या बहिनीच्या मांडवात येऊन जेवला. कलल्यावर एवडा लाजला, का आमची सगली टोपां घासून दिली. माज्या बापानं त्याला माज्यासाठी तितंच हेरला."

सांगता सांगता ती रडायला लागली. मामा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मी सिनेमा बंद करायला उठले, तर म्हणाली, "राहू दे गं, चालू दे."

त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून धरणाचा सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. तो हिरो बुडाला तेव्हा तिनं माझा हात धरला. "चांगला व्हता पोर," एवढंच म्हणाली. मग उठून तिनं चहा ठेवला.

थोड्या दिवसांनी ती दिघाशीला परत गेली. वर्षश्राद्धाला आम्ही गेलो, तेव्हा पंगतीनंतर आत्या हळदीचा किस्सा रंगवून सांगत होती. ते ऐकून मामांचे चुलतभाऊ म्हणाले, "ते काहीच न्हाय वयनी, एकदा ह्यो बैल समजून रेड्याला जुपत व्हता."

आत्यानं हातातलं ताट खाली ठेवलं.

"थांबा भाऊजी. हे आमच्या लग्नाच्या आधीचं का नंतरचं? नीट सांगा."