ऑइल कधी बदललंस?

अण्णांचं डायलिसिस सुरू झाल्यावर आमची छोटी गाडी सोलापूरच्या बाहेर पडायचीच बंद झाली. सकाळी मी शिकवते ते कॉलेज, तिथून जुळे सोलापूरला घरी, अण्णांना घेऊन सात रस्त्याजवळचं हॉस्पिटल आणि संध्याकाळी परत. एक दिवसाआड हेच. नवरा पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदोनदा येणारा. भाऊ मला नाही. आई गेल्यावर मंगळवेढ्याचं घर बंद करून अण्णांना, माझ्या वडिलांना, मीच इकडे आणलं होतं, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. पण थकवा यायचाच. संध्याकाळी भाकरी थापताना डोळे मिटायचे.

डायलिसिसला चार तास लागत. बाहेरच्या बाकांवर जागा मिळायची नाही, आणि मिळाली तरी शेजारच्या बाई आपल्या पेशंटची सगळी कहाणी सांगायला घेत. मला ऐकून घेण्याचंही त्राण नसायचं. मग मी गाडीत जाऊन बसायची. सोलापूरचा उन्हाळा, काच बंद करून एसी लावल्याशिवाय पाच मिनिटं बसवत नाही. इंजिन चालू ठेवून मी तिथेच पेपर तपासायची, नाहीतर सीट मागे टाकून पडायची.

अण्णांनी आयुष्यभर ज्वारीची शेती केली आणि एकच ट्रॅक्टर सांभाळला. त्याचं ऑइल ते स्वतः बदलायचे. आमच्या गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला.

"आईल कदी बदललंस?"

"अण्णा, दहा हजार किलोमीटर नाहीतर एक वर्ष, असं आहे या गाडीचं. अजून निम्मेसुद्धा झाले नाहीत."

"तरी बगून घे की एकदा."

"बघते."

बघते असं मी म्हणायची आणि कॉलेज, औषधं, स्वयंपाक यात ते मागे पडायचं. एकदा तर त्यांनी गावाकडून आलेल्या पुतण्याकडून ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा मागवला. "लई घट्ट हाय, हेच टाक." मी सांगितलं, या इंजिनला पातळ ऑइल लागतं, हे चालणार नाही. ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. डबा बाल्कनीत पडून राहिला.

मे महिन्यातली गोष्ट. हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा चार वाजून गेले होते, पण ऊन तसंच होतं. डायलिसिसनंतर अण्णा गळून जात. हाताला पट्टी बांधलेली, मान एका बाजूला कललेली. होटगी रोडच्या सिग्नलला गाडी थांबली आणि समोर लाल दिवा लागला, ऑइलच्या बुधल्याचं चित्र असलेला. हिरवा सिग्नल पडला, गाडी हलली, दिवा विझला. पुढे एका गतिरोधकाजवळ वेग कमी केला तर पुन्हा लागला.

मला वाटलं, घर जवळ आलंय, जाऊ तसेच.

अण्णांनी डोळे उघडले होते. "बंद कर."

"अण्णा, दहा मिनिटांत घरी पोचू. या उन्हात थांबून कसं चालेल?"

"इंजन धरंल, जाम हुईल. आदी बंद कर म्हंतो ना!"

"इंजिन जाऊ दे! तुम्हाला चक्कर आली तर मी काय करू?"

मी ओरडलेच. त्यांनी पट्टा सोडला आणि दाराच्या कडीला हात घातला. मी घाबरून गाडी कडेला घेतली आणि बंद केली. एसी थांबला तशी गाडीतली हवा भट्टीसारखी तापायला लागली.

एका बंद दुकानाच्या पायरीवर लिंबाची सावली होती. त्यांना धरून तिथं बसवलं. मी म्हटलं, रिक्षा बघते, तुम्ही पुढे व्हा. "तुला हितं एकटी सोडून? न्हाय." आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला, तो निघतो म्हणाला. समोरच्या घरातल्या बाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या. अण्णांना पाणी मोजून द्यावं लागतं, हे मी त्यांना समजावून सांगत होते. तोवर अण्णांनी दोन घोट घेतले, ओठ ओले केले आणि तांब्या माझ्या हातात दिला. उरलेलं पाणी मी उभ्या उभ्या प्याले, आणि एकाएकी रडायला आलं. त्या बाई बिचाऱ्या बावरून घरात गेल्या.

अण्णा मला कधी जवळ घेणारे नव्हते. त्यांनी पायरीवर बाजूला सरकून जागा केली.

"बस जरा."

मी बसले.

"मी दमलोय गं," ते म्हणाले. "पर सुईनं न्हाय. तुजं तोंड बगून दमतोय. तू तितं गाडीत उन्हात बसलीस की माजं आत मन लागत न्हाय."

"मग काय, तुम्हाला एकटं पाठवू?"

"व्हय. रिक्षा लावून दे की. मी काय ल्हान हाय का?"

मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. बॉनेट उघडून त्यानं ऑइल तपासायची पट्टी काढली, पुसून पुन्हा घातली आणि मला दाखवली. तळाशी काळं, डांबरासारखं काहीतरी लागलं होतं, बस.

"किलोमीटर कुठं झालेत पण?" मी म्हटलं.

"मॅडम, गाडी पळाली नाही, पण इंजिन चालूच होतं की. थांबून एसी, जवळजवळच्या फेऱ्या, त्यात ही धूळ नि गरमी. ऑइल जळतं, खराब होतं. जुनी गाडी आहे. तुम्ही सहा महिन्यांनी नाहीतर पाच हजारला बदला, आणि महिन्यातून एकदा सकाळी इंजिन थंड असताना पट्टी बघा."

त्यानं सोबत आणलेलं ऑइल तिथंच भरलं, इंजिन चालू करून कान लावला. वाचलंय, म्हणाला. अण्णा पायरीवरून हे सगळं ऐकत होते. मी वाट बघत होते, आता ते काहीतरी बोलतील. ते फक्त म्हणाले, "चला, पडायचंय मला."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सगळं ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. आता पट्टी मीच बघते.

रिक्षाचं मात्र मी आठवडाभर टाळलं. त्यांना नेण्याचं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं माझ्या जिवावर येत होतं, आणि अंगात ताकद तर उरली नव्हती. शेवटी आठवड्यातली एक फेरी रिक्षानं करायचं ठरलं. गल्लीतलेच एक वयस्क रिक्षावाले तयार झाले. अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे.

पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. औषधांची पिशवी दिली, येताना पट्टी बांधलेल्या हाताला धक्का लागू देऊ नका म्हणून बजावलं, फोन चालू आहे ना पाहिलं. अण्णा वैतागून म्हणाले, "जा आत, झोप." रिक्षा वळली तेव्हा अण्णा पुढे वाकून रिक्षावाल्याशी कानडीत काहीतरी बोलत होते. दोघंही हसले. अण्णांना हसताना मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. काय बोलले ते मला कळलं नाही, मला कानडी येत नाही.

मी आत आले, पंखा लावला आणि फरशीवरच आडवी झाले. झोप लागली नाही. पण कुठं जायचं नव्हतं.