बेंझोइकच्या खोलीतला खोकला

“दार लावू नका! आत रंगन खोकतोय!”

आमचा फोरमन तुळजाराव असा बोंबलत आला की पार एन्नोरपर्यंतचे कावळे उडाले असतील. भर दुपारी बारा वाजता! आणि ज्या रंगनबद्दल ही बोंब, त्याला जाळून महिना झालेला...

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची मला आजही कीव येते, हे आधीच सांगून टाकतो. मी पुण्याचा बीएस्सी, बिऱ्हाड वेस्ट मांबलमला, आणि साठ सालच्या सुमारास नोकरी मद्रासच्या उत्तर टोकाला, तिरुवोट्टियूरच्या एका कारखान्यात — केमिस्ट म्हणून. आम्ही बेंझोइक अ‍ॅसिड बनवायचो. सरबतं टिकावीत म्हणून घालतात ते. कच्चं अ‍ॅसिड तापवलं की त्याची वाफ शेजारच्या लाकडी खोलीत जाऊन पांढऱ्या पिसांसारखी जमायची. ती खरवडायला माणसं तोंडाला ओला पंचा बांधून आत जात. दिसायला हिमालय, पण नाकात कणभर गेलं तर हत्तीसुद्धा खोकून आडवा होईल! म्हणून भट्टी पेटवण्याआधी नियम एकच — दार बडवायचं. आतून खोकला आला, तर आत माणूस आहे.

त्या खरवडणाऱ्यांतला रंगन मात्र बाहेर बसूनही खोकायचा. दोन आखूड, मग एक लांब, आणि शेवटी शीळ — मांबलम स्टेशनात गाडी शिरावी तशी. “नाटकं! कामचुकार लेकाचा!” मी सगळ्यांदेखत म्हणायचो. मग एक दिवस छातीच्या दुखण्यानं गेला.

त्या दुपारी दार मी स्वतः बडवलं होतं. आत चिडीचूप. “लावा दार,” मी फर्मावलं. दार लागतंय तेवढ्यात ही बोंब.

“उघडा, सार!”

“तुळजाराव, तंजावरहून येताना डोकं तिथंच ठेवून आलात काय?”

आणि... दोन आखूड. एक लांब. शीळ.

मी घाबरलो नाही, उगाच दात काढू नका. चार माणसांत तुळजारावाचं हसं करावं म्हणून दार उघडलं, इतकंच.

ढिगामागे खरवडणाऱ्यांतलाच एल्लप्पन पालथा पडला होता. विसरलेलं फावडं आणायला एकटाच परत आत गेलेला, उकाड्यानं भोवळ येऊन कोसळलेला. ओठ निळे, श्वास चालू आहे की नाही तेही कळेना. ओढून बाहेर काढला, पाणी मारलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. भट्टी पेटली असती तर... असो.

शहाणे म्हणतील, एल्लप्पनच खोकला. म्हणोत बापडे! पण ती शीळ त्या धडधाकट गड्याच्या गळ्यात कुठून आली? रसायनशास्त्राची दोन कपाटं पालथी घातली मी. उत्तर नाही ते नाहीच.

संध्याकाळी कॉफी पिताना तुळजारावाला हळूच विचारलं, “खरं सांगा, रंगन तिथं काय करत होता?”

टंबलरवरून नजर न उचलता तो म्हणाला, “कामावर आला होता, सार.”