स्क्रीन चालू होती

डोळ्याला लेसर मारल्यानंतर मी पहिल्यांदा कामावर गेले, त्या दिवसाची ही गोष्ट.

माझं काम साड्यांचे फोटो काढायचं. कापड मार्केटात एका शेठकडे नवा माल आला की तो गच्चीवर न्यायचा, पुतळ्याला साडी नेसवायची आणि उजेड चांगला असेतो फोटो काढायचे. कॅमेरा माझा स्वतःचा, जुना घेतलेला.

साखरेमुळे माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती, म्हणून लेसर. डॉक्टर म्हणाले होते, "उन्हात काळा चष्मा काढायचा नाही. आणि डोळ्यासमोर कुठेही काळं आल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. उठून सरळ इथे या." हे ऐकून मला आई आठवली. आईला काचबिंदू होता आणि तिनं तो लपवला. चहा ओतताना ती कपात बोट धरायची. आम्हाला वाटायचं, सवय असेल. आम्हाला कळलं तेव्हा तिला दाराची चौकटसुद्धा दिसत नव्हती. दवाखान्यातून निघाले ती हे डोक्यात घेऊनच. बाहेरच्या दुकानातून चष्मा घेतला. दुकानदार म्हणाला, "हा घ्या बेन, याच्यात चमक अजिबात लागणार नाही."

त्या सकाळी गच्चीवर जांभळी साडी पुतळ्याला नेसवली, कॅमेरा चालू केला आणि मागची स्क्रीन बघितली. काळी. फोटो काढला. खट्ट आवाज झाला, पण स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. वरच्या भोकाला डोळा लावला तर साडी, पुतळा, पलीकडच्या पाण्याच्या टाक्या, सगळं दिसत होतं. म्हणजे बिघाड स्क्रीनचाच. बॅटरी काढून पुन्हा बसवली. कार्ड काढून घातलं. डिस्प्लेचं बटण दाबून पाहिलं, उजेड वाढवून पाहिला, पदराने काच पुसली. काही उपयोग नाही.

काय झालं ते बघायला शेठचा माणूस वर आला. "शुं थयुं, बेन?"

"स्क्रीन गेली. दुरुस्त करून आणते."

मार्केटच्या मागच्या गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुकान कसलं, रस्त्याकडे तोंड करून मांडलेलं एक टेबल. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, चालू केला, दोन-तीन बटणं दाबली आणि माझ्याकडे पाहिलं.

"इसमें क्या खराबी है?"

"स्क्रीन बंद आहे ना."

"चालू तो है. ये देखो, जामुनी साड़ी."

त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. मला काळा चौकोन दिसत होता. त्याच्या भोवतीची बटणं दिसत होती, बटणांवरची पांढरी अक्षरं दिसत होती, काकांच्या अंगठ्याचं नख दिसत होतं. फक्त मधलं काळं. त्यांनी खालचं झाकण बघायला कॅमेरा उभा केला, तर क्षणभर जांभळी साडी लख्ख दिसली. पुन्हा आडवा धरला, गेली.

"आता दिसली होती," मी म्हणाले. "आता नाही."

काकांनी कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला. "बहन, आँख का कुछ इलाज चल रहा है?"

मी मान हलवली. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

रिक्षात बसले आणि नवऱ्याला फोन लावला. तो इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटी कामावर असतो. आम्ही घरी अहिराणीच बोलतो. मी एवढंच म्हटलं, "माले दिखत नही." तो म्हणाला, "दवाखानामा जाय. मी येस." फोन बंद.

रस्ताभर मी एकेक डोळा झाकून बघत होते. डावा झाकला तर रिक्षावाल्याची मान दिसे, उजवा झाकला तरी दिसे. पुलावरून जाताना तापीचं पाणी दिसलं. मग कॅमेऱ्याकडे बघायचे, काळं. काळं फक्त तेवढ्यातच का, हे मला कळत नव्हतं, आणि न कळण्यानंच जास्त घाम फुटत होता. वाटलं, सुरुवात अशीच होत असेल, एका चौकोनापासून. आईनं पहिल्यांदा काय दिसेनासं झालं ते आम्हाला कधी सांगितलंच नाही. आम्हीही विचारलं नाही.

दवाखान्यात बाकावर बसवलं. तपासायच्या आधी बाहुली मोठी करायला नर्स ड्रॉप घेऊन आली. "मासी, चष्मा काढा." मी काढला. कॅमेरा मांडीवर आडवा होता आणि अंगठा सवयीनं फोटो बघायचं बटण दाबत होता.

स्क्रीनवर जांभळी साडी होती. निऱ्या, काठ, पुतळ्याचा एक हात, सगळं.

मी चष्मा डोळ्यांपुढे धरला. काळं. बाजूला केला. साडी. नर्स ड्रॉपची बाटली धरून उभीच राहिली. तिला वाटलं असेल, बाईचं काहीतरी बिनसलंय.

डॉक्टरांनी तरीही डोळा नीट तपासला. पडदा ठीक होता, सूज उतरत होती. चष्मा हातात घेऊन ते म्हणाले, ही चमक अडवणारी काच आहे, हिच्यातून काही काही स्क्रीन एका बाजूनं धरल्या की काळ्या दिसतात. उभ्या केल्या की दिसतात. ते सहज बोलले. मी विचारलं, "पण पुढे खरंच काळं आलं तर? मला कसं कळणार, काच आहे की डोळा?"

"चष्मा काढून बघायचं," ते म्हणाले. "आणि शंका आली की यायचं. आज आलात तसंच."

नवरा आला तेव्हा ड्रॉपमुळे मला तो धूसरच दिसला. पायात कारखान्याचे जड बूट तसेच होते. मी त्याला चष्मा घालायला लावला आणि कॅमेरा दाखवला, आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. चष्मा काढून त्यानं घडी घातली आणि बाकावर माझ्या शेजारी बसला.

मग म्हणाला, "मी रस्ताभर इचार करी ऱ्हायंतू, जिनाले दोरी बांधनी पडी."

कोसाडच्या आमच्या घराच्या जिन्याला धरायला कठडा नाही. मी त्याचा हात धरला. तो गार पडला होता.