माल आला, आंश

माझी आई पन्नाशी ओलांडल्यावर फ्रान्समध्ये जाऊन फ्रेंच शिकली. हे सांगितलं की लोक कौतुकाने हसतात आणि विचारतात, या वयात कशाला? या प्रश्नाची मला चीड आहे. ती शिकली, कारण तिच्या खुब्याबद्दल तिच्यासमोर दोन माणसं बोलत होती आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं. खुबा तिचा. दुखणं तिचं. एवढं कारण पुरे आहे.

आमचं गाव खोपोलीजवळ, कुंभिवलीच्या बाजूला. बाबा गेल्यावर आई जवळच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर लागली. पट्ट्यावरून खोके येतात, बायका उभ्या राहून त्यांना टेप मारतात. बसायचं नाही. बसलेली बाई सुपरवायझरला आळशी दिसते. पट्टा थांबला की बायका भिंतीला जरा पाठ टेकायच्या, तेवढ्यात सुपरवायझर ओरडायचा, "माल आला", की पुन्हा सगळ्या उभ्या. ही हाक आमच्या घरात इतकी मुरली की ताटं वाढली की आई आम्हा दोघी बहिणींना "माल आला गं" अशीच हाक मारायची. हसायचो आम्ही. पण तिचा उजवा खुबा त्या पट्ट्याने खाल्ला. याहून मवाळ शब्द माझ्याकडे नाही.

मी कामगार बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. आमची मागणी एका ओळीची आहे: उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक बाईला स्टूल द्या. पत्रकं खोपोलीला छापून आणायची आणि कारखान्याची पाळी सुटताना नाक्यावर उभं राहून वाटायची. निम्मी भज्यांखाली जातात. तरी वाटायची.

माझी मोठी बहीण नोकरीसाठी फ्रान्सला गेली आणि तिकडेच स्थिरावली. तिला मूल झालं तेव्हा आई बाळंतपण करायला गेली आणि बाळासाठी राहिली. पहिल्याच थंडीत खुबा धरला. ताई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. संध्याकाळी आईचा मला फोन आला. ती दोघं बोलत होती, म्हणाली, मधेच माझ्याकडं बघायची, परत बोलायची. "बाजारात म्हशीचं दात बघत्यात ना, तसं." डॉक्टरने काहीतरी विचारलं, त्यावर ताई पोह्यांसारखं काहीतरी म्हणाली आणि डॉक्टरने ते लिहून घेतलं. आता माझ्या खुब्याचा आणि पोह्यांचा काय संबंध गं? बाहेर आल्यावर आईने विचारलं, तर ताई म्हणाली, काही नाही, वय झालं, गोळ्या दिल्यात.

माझं डोकं फिरलं. हे मी इकडे रोज बघते. वाडीवरची बाई पोट धरून दवाखान्यात जाते आणि प्रश्न विचारतात तिच्या नवऱ्याला. त्यावर मी पत्रक काढलं होतं. आता तेच माझ्या आईच्या बाबतीत, आणि करणारी माझी सख्खी बहीण. मी ताईला फोनवर बोलायचं ते बोलले. आईने मलाही गप्प केलं. तू तिला बोलून काय हुणार, म्हणाली. "मीच जाईन एकटी. मला बोलता येत नाय, तर शिकीन."

घराजवळच्या एका हॉलमध्ये परक्या देशांतून आलेल्यांसाठी फुकट वर्ग चालायचा. शिकवायला एक निवृत्त बाई. दाजी म्हणाले, भाजीपुरतं शिका, बास. ताई म्हणाली, बाळाच्या झोपेची वेळ आहे ती. आईने बाळाला झोळीत घातलं आणि वर्गात जाऊन बसली.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन. इतकी हसत होती की बोलता येईना. फ्रेंचमध्ये ह लिहितात, पण म्हणत नाहीत. वर्गातल्या इतरांना ते जमेना. आईला शिकवावंच लागलं नाही, कारण आमच्याकडे ह जन्मापासून गिळलेलाच असतो. आमी, तुमी. याच गिळलेल्या ह साठी लहानपणी मास्तरांनी तिला बाकावर उभं केलं होतं. "आम्ही" म्हण, मग बस. ती "आमी" म्हणत राहिली आणि उभी राहिली. पुढे शाळाच सुटली. शुद्ध बोला म्हणणाऱ्यांनी किती पोरी अशा उभ्या करून घालवल्या, याचा जाब कोणी विचारायचा? मी विचारते. असो. बाकी सगळं मात्र तिला जड गेलं. त्यांचा र घशातून काढायचा, तर तिला खोकलाच यायचा. क्रियापदं रात्रीत पळून जायची. आभार मानताना बाईंना ती "मेर्सी गं" म्हणायची, बाजूच्या बाकावरच्या दाढीवाल्याला "मेर्सी रं". बाईंनी बरेचदा दुरुस्त केलं. शेवटी त्याही कधीतरी "गं" म्हणू लागल्या.

एक वाक्य मात्र तिला पहिल्या झटक्यात पाठ झालं. माझा खुबा दुखतो. झे माल आ ला आंश. आंश म्हणजे खुबा, तिथेही गिळलेला ह. आणि त्याच्या आधी चक्क "माल आला". ती म्हणाली, "बघ गं, सात समुद्रापार आले तरी हा मेला सुपरवायझर हायेच."

नाक्यावरच्या टपरीत मी फोन स्पीकरवर ठेवून तिची उजळणी घ्यायचे. झे माल आ ला आंश. बाजूला चहा पिणारा टेंपोवाला गडबडीने उठला. "कुठं आला माल?" मी सांगितलं, फ्रान्सला. तो म्हणाला, तिकडचं भाडं नाय परवडत.

मग एके दिवशी फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. वर्गात कामधंद्यांचे शब्द चालले होते. चुलीपुढे उभ्या बाईचं चित्र आलं आणि बाई म्हणाल्या, फाम ओ फ्वाये. घर सांभाळणारी बाई, बाहेर काम न करणारी. फ्वाये ऐकून आईला एकदम ते पोहे आठवले. डॉक्टरने विचारलं होतं, या काय काम करायच्या? आणि ताईने सांगितलं होतं, फाम ओ फ्वाये.

घर सांभाळणं हे काम नाही, असं मी म्हणणार नाही. पण तो पट्टा? ते खोके? एका शब्दात पुसून टाकलं सगळं. ताईशी आईने भांडण केलं नाही. ताईच रडवेली झाली. मला पॅकिंगला काय म्हणतात ते येत नव्हतं गं, पुढे आणखी प्रश्न आले असते, म्हणून सोपं ते सांगितलं. आई म्हणाली, "सोपं तुला झालं."

तिने स्वतः डॉक्टरची वेळ घेतली. त्याआधी बाईंकडून एक शब्द मागून घेतला. उभ्याने काम करणं याला काय म्हणतात? दबू. दबू म्हणजे उभं. मला फोनवर म्हणाली, आपल्याकडं दबतो तो वाकतो, यांच्याकडं उभा राहतो.

त्या दिवशी ताई सोबत गेलीच. डॉक्टरच्या दारात आईने तिला थांबवलं. "तू हितं बस. तुला बसायला खुर्ची हाय."

आत तिने आपलं वाक्य म्हटलं. डॉक्टर भरभर बोलायला लागले, तेव्हा हात वर करून म्हणाली, सावकाश. त्यांनी समोरचा कागद वाचला: फाम ओ फ्वाये. ती म्हणाली, नों. मग उठली आणि तिथल्या तिथे खोक्यांना टेप मारून दाखवली, एक खोका, दुसरा खोका, दबू, दबू. वर्षांचे फ्रेंच आकडे जमेनात, म्हणून बोटं पुढे केली, मिटली, परत पुढे केली. डॉक्टरने विचारलं, खुर्ची नव्हती? नों. त्यांनी कागदावरचं खोडलं, नवं लिहिलं आणि मागच्या खेपेला काढलेल्या एक्स-रेचा पडदा तिच्याकडे वळवला. हाड कुठे झिजलंय ते बोटाने दाखवलं. व्यायाम, मग गरज पडली तर ऑपरेशन. तिने सगळं परत विचारून घेतलं. निम्मं कळलं, म्हणाली. पण ते निम्मं माझं मला कळलं.

बाहेर ताईने विचारलं, काय म्हणाले? आईने तिच्या शेजारी खुर्ची ओढली. बसली. मग सांगितलं.

हे मला कळलं तेव्हा मी नाक्यावर होते, टपरीच्या बाकड्यावर, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या स्टुलांचं काय झालं गं? मिळाली?"

मी म्हटलं, नाही अजून.

"मग बसलीस काय? पाळी सुटंल आता. ऊठ, माल आला."