हात न लावणारी

ती दारात उभी राहायची ती दोन्ही हात पाठीमागे बांधून. माझ्या हातातून पेला पडो, पदर सुटो, ती हलायची नाही. "मी इथेच आहे. हात मात्र लावणार नाही," एवढंच म्हणायची.

मदतीला धावणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मीही पाहिली. माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा शेजारीण मला घास भरवायची आणि मी नुसता आ करायचे. भली बाई. पण तिच्या भलेपणाने मी अंथरुणालाच चिकटले असते.

मुलाने ठाण्याहून फोन केला. "आये, मे महिन्यात येतंय. घराक कुलूप घालतलंय आणि तुका घेऊन जातलंय." त्याच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर काय बघणार, भिंत?

अशात ही हात न लावणारी ओरोसच्या सरकारी इस्पितळातून एस.टी.ने येऊ लागली. घाटावरची, शाकाहारी, वयाने माझ्या नातीएवढी. तिच्या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. आपली रोजची कामं आपल्याला पुन्हा करता यावीत म्हणून शिकवायचं. आधी तिने दाबायला रबराचा चेंडू दिला. मी तो डाव्या हाताने अंगणात फेकला.

"ह्यो दाबून माझा पोट भरतला?"

ती रागावली नाही. "डावा हात चांगला चालतो की! मग काय करायचंय तुम्हाला, आजी?"

"बांगडो कापूचो आसा. तिखला करूचा आसा. शिकवतलंस?"

पुढच्या खेपेला ती एक फळी घेऊन आली. फळीतून दोन खिळे वर काढलेले. मासा खिळ्यांवर टोचायचा, म्हणजे तो हलत नाही, आणि एका हाताने सुरी चालवायची. मी उभं आयुष्य विळीवर मासे कापलेले.

"सुरयेन मासो कापतत काय गो?"

"मग आधी मीच कापते." तिने ओढणीने स्वतःचा उजवा हात कमरेला बांधला. जन्मात मासा न शिवलेल्या त्या पोरीने श्वास रोखून सुरी चालवली. फळी घसरली आणि बांगडा थेट मांजरापुढे.

"मांजराचो दिस बरो उजाडलो," मी म्हटलं. आजारपणात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

"फळीखाली ओलं फडकं हवं," ती म्हणाली. "आता तुम्ही." आणि हात गेले पाठीमागे.

पुष्कळ बांगडे वाया गेले. खिळा बोटात घुसला. मी तिला शिव्याही घातल्या. "गे बाये, जरा धर तरी!"

"नाही धरणार."

एकदा ती दाराकडे वळली तेव्हा मला तिचे हात दिसले. बोटं एकमेकांत इतकी आवळलेली, की पांढरी पडली होती. हात न लावायला तिलाही जोर लागत होता.

मे महिन्यात मुलगा आला, तेव्हा ती घरातच होती. मी चुलीवरून तिखल्याचं, म्हणजे बांगड्याच्या तिखट कालवणाचं, दांड्याचं पातेलं उतरवत होते. "आये, ठेव ता!" म्हणत तो धावला.

"हात मागे घ्या, दादा," ती म्हणाली.

पातेलं हिंदकळलं, पण खाली आलं. तिखलं त्याने दोनदा मागून घेतलं. कुलपाचं नाव काढलं नाही.

पुढे तिची बदली झाली. फळी माझ्याकडेच आहे. उजवा हात अजून लाकूडच आहे, पण घर उघडं आहे.

यंदा मुलगा पुन्हा आला. पातेलं उतरवून मी मागे पाहिलं. तो दारात उभा होता, तिच्याच जागी, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"बस," मी म्हटलं. "वाढतंय."