सर्ज्याचा पट्टा आणि माझा खांदा

मला कुत्र्याचा हेवा वाटतो, हे सांगायला मी लाजत नाही. लाजायचं ते आमच्या ह्यांनी, रुपरावांनी.

साठी उलटलेला माणूस. सावनेरकडची शेती ठेक्याने दिली, बैलजोडी विकली आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलाकडे शहरात, बेसाला फ्लॅटमध्ये राहायला आलो. पहिले काही महिने हे गॅलरीत नुसते बसून असायचे. मग एके दिवशी समोरच्या बांधकामावरून तांबडं पिल्लू उचलून आणलं आणि त्याला विकलेल्या बैलाचं नाव ठेवलं, सर्ज्या. तेव्हापासून घरात ह्यांना दुसरं कोणी दिसत नाही. भाकरीचा पहिला तुकडा त्याचा, पंख्याखालची जागा त्याची. परवा तर मला हाक मारताना तोंडातून 'सर्ज्या' निघालं. मी ओ दिली नाही.

फिरायला न्यायचं म्हणून ह्यांनी बैलाच्या कासऱ्याचाच तुकडा त्याच्या गळ्यात बांधला. वर्षाचं दांडगं जनावर ते, दिवसभर ओढायचं, खोकायचं. एका सकाळी हे दूध घ्यायला थांबले आणि कासरा माझ्या हातात दिला. तेवढ्यात समोरून मांजर गेलं. सर्ज्याने असा हिसका दिला की माझ्या उजव्या खांद्यातून कळ निघाली. मी हात धरून खालीच बसले. हे धावत आले आणि कुत्र्यापुढे उकिडवे बसले.

"काहून वं, याच्या गळ्याले लागलं काय?"

त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं. मी घरी हळद गरम करून स्वतःच्या हाताने लावली, डाव्या हाताने, जमेल तशी. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात दोर नको, छातीवरून जाणारा पट्टा घ्या, ओढ छातीवर येते. ह्यांना ते लगेच पटलं. बैलही मानेने नाही, खांद्याने ओढतो म्हणाले. खांद्याचं एवढं कळतं ह्यांना!

मनीषनगरच्या कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात भूमिका नावाची मुलगी होती, शहाणी पोर. तिने टेप काढला आणि कुत्र्याच्या छातीचं माप विचारलं. "पावणेतीन वीत," हे ताडकन बोलले. अडतीस वर्षांच्या संसारात रामटेकच्या यात्रेतून ह्यांनी मला दोनदा बांगड्या आणल्या, दोन्ही वेळा हातात चढल्या नाहीत. आणि ह्या कुत्र्याच्या छातीचं माप तोंडपाठ!

पोरीने एकेक दाखवलं. लांब होत जाणारी बारीक दोरी ह्यांनी बाजूला सारली, गाड्यांच्या रस्त्यावर ती काय कामाची. छातीपुढे कडी असलेला, अंधारात चमकणारी पट्टी लावलेला पट्टा पसंत पडला. "पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला ठेवा काका," ती म्हणाली. पण ह्यांनी एक माप मोठाच घेतला.

"वाढतं अंग हाय, पोरी. गोऱ्ह्याचं दावं कोणी आवळून बांधते का?"

"अजी, ती सांगून राहिली तर ऐका न," मी म्हटलं. माझं कोण ऐकतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी हे त्याला घेऊन पुढे चालले होते, मी मागे. विटांच्या टिप्परने जोरात हॉर्न दिला. सर्ज्या दचकून मागे सरला, मान खाली घातली, पुढचे दोन्ही पाय पट्ट्यातून ओढून काढले आणि सुटला, थेट रस्त्याच्या मधोमध. ह्यांच्या हातात रिकामा पट्टा लोंबत राहिला. मीच ओरडले, "सर्ज्या, इकडं ये!" टिप्पर करकचून थांबला आणि तो वळून माझ्या लुगड्यात शिरला. मी दुखऱ्या हातानेच त्याला घट्ट धरलं. त्याच्या छातीचे ठोके माझ्या हाताला लागत होते.

ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. जीव भांड्यात पडला होता, तरी चेहरा आंबट. "तुयाकडं काहून गेला तो?" घरी येईपर्यंत तीनदा विचारलं. मला बरं वाटलं. जळा म्हटलं थोडं तुम्हीही.

दुपारी तोच पट्टा ह्यांनी चारही बाजूंनी आवळला, दोन बोटं घालून घालून पाहिला, मी ओढून पाहिला. आता निघेना. सर्ज्याच्या पुढच्या पायामागे मात्र ढिल्या पट्ट्याने घासून चट्टा पडला होता.

संध्याकाळी हे वाटीत लोणी-हळद कालवून बसले. गावी या दिवशी बैलांचे खांदे असेच चोळायचे, वर्षभर जू वाहिलं म्हणून. ह्यांनी सर्ज्याचा चट्टा हळूहळू चोळला आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." डोळे भरले होते ह्यांचे.

मला राहवलं नाही. पदर सारून त्यांच्यापुढे खांदा केला. "ह्या खांद्याले आवतण नाही काय?"

हे बघतच राहिले. काळंनिळं उतरून पिवळट झालं होतं. "हा कवा दुखला वं?"

"सतरा दिवस झाले."

वाटीतलं उरलेलं सगळं ह्यांनी बोटांवर घेतलं आणि चोळू लागले. सर्ज्याला ते खपेना. तो आमच्या दोघांच्या मध्ये नाक खुपसू लागला, ह्यांचा हात चाटू लागला.

"सरक तिकडं," हे त्याच्यावर खेकसले. "तिचं होऊ दे पहिले."