याकोबमामांची चाल

याकोबमामा पेटीपुढे बसले की आधी बाकावर वीतभर सरकायचे. शेजारी कुणीच नसायचं. त्या मोकळ्या जागेकडे बघून हळूच म्हणायचे, "या आबा, टेका." मग भाता उघडायचे. दौंडच्या आमच्या चर्चमध्ये नवीन आलेल्याला वाटायचं, म्हातारा जरा चळलाय. मीही पहिल्यांदा हसलो होतो. पुढची वीस वर्षं मात्र जळलो.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. त्यात उपासनेची सुरुवात गेलेल्या एखाद्या वादकाने बसवलेल्या चालीने करायची, ही मामांनी पाडलेली रीत. एका रविवारी खुटबावचे मास्तर, एका रविवारी निमोण्याचे आबा. आणि चाल नुसती वाजवायची नाही, तो माणूस वाजवायचा तशी वाजवायची. मास्तर शेवटच्या ओळीला घाई करायचे, म्हणून मामाही करायचे. लोक डोळे पुसता पुसता हसायचे.

"मास्तरांची एस्टी सुटायची ना," मामा सांगायचे. "सावकाश वाजवली तर त्यात मास्तर र्‍हायचे न्हाईत."

मामा रेल्वेतले निवृत्त फिटर. शिकलेले काहीच नाहीत. उजव्या हाताची अनामिका यार्डात चेमटलेली, त्यामुळे वरच्या सुराआधी क्षणभर अडखळायचे. मी पुण्याला जाऊन पेटीच्या परीक्षा दिलेल्या. शिरूरला कंपनीत स्टोअरकीपर, आणि रविवारी पेटीवर दुसरा नंबर. मामा आले नाहीत तर मी. मामा यायचेच. त्या अडखळत्या बोटासाठी लोक माना डोलवायचे, आणि माझ्या सफाईला कुणी वाईटही म्हणायचं नाही. मला त्यांचा भयंकर हेवा वाटायचा.

आगमनाच्या एका गीताला मी चाल लावली होती. माझ्या आयुष्यात मी केलेली एकच चांगली गोष्ट. लोकांनी ती 'सुधाकरची चाल' म्हणून गावी, एवढीच इच्छा होती. मामांना विचारलं.

"आगमनात जित्याची चाल न्हाई वाजत."

"का पण, मामा?"

"जित्याला लोकं तोंडावर चांगलं म्हणत्यात. गेलेल्याला ही पेटी सोडून कोण हाय?"

आगमनाचं गीत एरवी कोण गाणार! म्हणजे माझी चाल लोकांनी ऐकायची तर मला आधी मरावं लागणार होतं.

मग एका वर्षी मामांचा गुडघा धरला. ते पुढच्या बाकावर बसले आणि पेटी माझ्याकडे आली. रविवार निमोण्याच्या आबांचा होता. मी उभा राहून सांगितलं, "आबांची एक विसरलेली चाल," आणि माझी वाजवली. लोकांनी मान डोलावली. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

उपासना सुटल्यावर मामांनी फाटकापाशी गाठलं. "सुधाकर, आबांना कोमल निषाद जल्मात लागला न्हाई. तुझ्या चालीत तीनदा हाय." मग म्हणाले, "चाल चांगली हाय. पर तू आबांचा रविवार खाल्लास."

मला लाज वाटली. तरी घरी जाताना 'चांगली हाय' एवढंच घोळवत होतो. लोक ती चाल पुढच्या रविवारपर्यंत विसरले. मामांनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा दिवाळीनंतर मामा गेले. आगमनाचा पहिला रविवार त्यांचा, हे ठरवावं लागलंच नाही. पण वाजवायचं काय? जन्मभर दुसऱ्यांच्या चाली जपल्या, मामांची स्वतःची एकही नव्हती. आदल्या दिवशी मामी त्यांची वही घेऊन घरी आल्या.

"शेवटचं पान बघ. हे माझ्यासाठी वाजवा म्हणले. कुणाची चाल म्हणून विचारलं, तर म्हणले, वाजवणाऱ्याला कळंल."

पानावर सूर लिहिले होते. कोमल निषाद तीनदा. माझं नाव कुठेही नव्हतं.

रविवारी मी ती वाजवली. मामा वाजवतील तशी वाजवायची होती, म्हणून वरच्या सुराआधी क्षणभर थांबलो. आणि काय सांगू, जी जागा मला इतक्या वर्षांत सापडली नव्हती ती तिथे होती. मागे कुणीतरी हुंदका दिला.

बाहेर मार्थाकाकूंनी हात धरला. त्या पंचवीस वर्षं क्वायरमध्ये गातात. "मामांची चाल लई गोड रं! तुला कवा जमायची अशी?"

शब्द अगदी तोंडाशी आले होते.

"नाही जमायची, काकू," मी म्हणालो.

आता ती मामांचीच चाल म्हणून चालणार. गेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात, मी जळतो. दुसऱ्या रविवारी पेटीपुढे बसलो तेव्हा खुटबावच्या मास्तरांसाठी वीतभर सरकलो. मग मामांसाठी आणखी वीतभर. मी बाकाच्या कडेला कसाबसा टेकलो होतो, आणि म्हातारा मधोमध ऐसपैस बसला होता.